फूलचंद समुद्र पाहायला गेला

नेमीचंदनं तराजूची लोखंडी दांडी उचलून जगदेवच्या खांद्यावर हाणली, तेव्हा कारंज्याच्या बाजारात भाजी घेणाऱ्या बाया हातातली वांगी हातातच धरून उभ्या राहिल्या. नेमीचंदच्या या किराणा दुकानावर माणसानं माणसाला मारलेलं आजवर कोणी पाहिलं नव्हतं. साखरेच्या पोत्याला मुंग्या लागल्या, तर त्या आपल्या पायांनी निघून जाईपर्यंत गिऱ्हाइकाला थांबवून ठेवणारं हे घर. त्यातून दिवस जैनांच्या पर्युषणाचे. दुसरा फटका कानशिलावर बसला आणि जगदेव मटकन खाली बसला.

"माह्या भावाले तिकडे टाकून आला," नेमीचंद म्हणत होता, "अन् महिना झाला, माह्या घराची पायरी नाही चढला तू. काहून नाही चढला? सांग ना, काहून नाही चढला?"

दर 'काहून'ला एक फटका पडत होता. जगदेव तसा हाडापेरानं दणकट. चाळिशीचा गडी, जिनिंगात फिटर. कापसातली सरकी काढायच्या रेच्यावरचा जड रूळ एकट्यानं उचलायचा. मनात आणलं असतं तर त्यानं नेमीचंदला दांडीसकट उचलून नालीत बसवलं असतं. पण त्यानं नुसते डोक्यावर हात घेतले. रक्त टाके घातलेल्या कानामागून मानेवर उतरलं, सदऱ्याची कॉलर भिजली, तरी त्यानं ते हात खाली घेतले नाहीत. शेवटी मदनसिंग हमालानं पाठीवरचं पोतं खाली टाकलं आणि नेमीचंदला मागून घट्ट धरलं.

"सेटजी, सोडा. मरून जाईन तो."

"मरू दे," नेमीचंद म्हणाला. मग आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच ऐकू आलं असावं. दांडी हातातून गळाली. दुकानाच्या पायरीवर बसून तो भर बाजारात हमसून हमसून रडायला लागला. मदनसिंगानं जगदेवला उठवलं, डोक्याला आपलं पागोटं गुंडाळलं आणि घरापर्यंत पोचवलं.

बाजाराचं काय, त्याला आठवडाभराचा विषय मिळाला. कोणी म्हणालं, पाठचा भाऊ गेला, माणसाचं डोकं फिरणारच. कोणी म्हणालं, या जगदेवच्याच पोटात काहीतरी पाप आहे, नाहीतर एवढा मार कोण मुकाट्यानं खातो? लोक बिनकामाचं बोलतात, पण कधी कधी अगदी जवळून जातात. जगदेवच्या पोटात होतं खरंच. फक्त ते पाप त्याचं नव्हतं.

जिनिंगच्या मागच्या ओळीत त्याची दोन खोल्यांची जागा होती. रंगूबाईनं नवऱ्याच्या डोक्याला हळद दाबली, चिंधी बांधली आणि तोंड सोडलं. "त्या नेमीचंदाचे हात झडले पाह्यजे. पन मी म्हनते, तुमी तरी त्याहिच्या घरी काहून जात नाही? ते बुढी रोज वाट पाहून राह्यली. एक खेप जाऊन सांगा ना, असं असं झालं म्हनून. तुमी थोडंच मारलं त्याच्या भावाले?"

"मी नाही मारलं."

"मंग?"

जगदेव भिंतीकडे तोंड करून निजला. रंगूबाई उठून चुलीकडे गेली.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आफ्रिकेच्या दक्षिण भागात मोझांबिक नावाचा देश नुकताच स्वतंत्र झाला होता. पोर्तुगीज मालक रातोरात गाशा गुंडाळून गेले, जाताना मशिनींचे नट काढून समुद्रात फेकून गेले म्हणतात, आणि तिथला कापूस जागच्या जागी सडायला लागला. मुंबईची एक कंपनी जिनिंगची माणसं शोधत वऱ्हाडात आली. फिटर म्हणून जगदेवची निवड झाली आणि कापसाची प्रत ठरवायला फूलचंदची. फूलचंद म्हणजे नेमीचंदचा धाकटा भाऊ, सव्वीस वर्षांचा, लग्नाचा राहिलेला. चिमूटभर रुई दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायचा आणि डोळे मिटून सांगायचा, हा धनजचा माल, हा मानोऱ्याकडचा. दुकानात मात्र त्याचं मन रमत नसे. नेमीचंदनं आकाशपाताळ एक केलं, पण आईनं जाऊ दिलं.

आई म्हणजे प्रेमाबाई. तिनं जाण्याआधी मुलाला मंदिरात नेऊन नियम दिले. पाणी गाळल्याशिवाय प्यायचं नाही. दिवस मावळल्यावर खायचं नाही. जमिनीखालचा कंद तोंडात घालायचा नाही. आणि आपल्या हातानं जीव मारायचा नाही. चौथा नियम सांगायची खरं तर गरज नव्हती, कारण फूलचंद डाससुद्धा पंच्यानं हाकलायचा. मग ती जगदेवकडे वळून म्हणाली होती, "जगदेव, तू मोठा हायेस. हा आता तुह्या हवाली."

तिथलं जिनिंग नदीकाठी होतं, पण समुद्रापासून पार आत. दोघांनी दोन हंगाम तिथं काढले. कापूस, सरकी, पत्र्याचं छप्पर, मालकाविना पडलेले बंगले, एवढंच बघितलं. फूलचंदला एकच ध्यास, समुद्र पाहायचा. येताना विमानातून दिसला होता, पण तो काही पाहिला म्हणता येत नाही. कारंज्याच्या माणसानं मोठं पाणी म्हणून काय बघितलेलं असतं, तर अडाण नदीचा पूर. त्यांच्या हाताखाली आल्बेर्तो नावाचा तिथलाच एक माणूस रेच्यावर होता. तो म्हणाला, ही नदी जिथं समुद्राला मिळते तिथं माझ्या आईचं गाव आहे, माकुंबे. हंगाम संपला की चला. त्याची भाषा यांना मोडकी येत होती आणि यांची त्याला, पण दोन वर्षांत माणसं एकमेकांना समजून घ्यायला शिकतात.

लाँचनं गेले. नदी रुंद होत गेली, इतकी की पलीकडच्या काठावरची माणसं ओळखू येईनात. दोन्ही काठांना चिखलात पाय रोवून उभी असलेली खारफुटीची दाट झाडी, मग नारळ, मग पांढरी वाळू आणि तिच्यावर गवतानं शाकारलेली घरं. गावापुढे नदीचं तांबूस पाणी आणि समुद्राचं निळं पाणी एकमेकांत न मिसळता बराच वेळ शेजारी शेजारी चालत होतं. जगदेवला कबूल करावं लागलं की इतकं सुंदर गाव त्यानं पाहिलं नव्हतं. फूलचंद तर धोतर वर खोचून गुडघाभर पाण्यात शिरला, ओंजळ तोंडाला लावली आणि थुंकून हसायला लागला.

"जगदेवभाऊ, इतलं सारं पानी अन् सारंच खारं. काय उपेग याचा?"

"उपेग तुले काय करायचा? पाहाले आला ना, पाह्य."

त्यानं पाहिलं. सकाळपासून दुपारपर्यंत पाहिलं. शिंपले उचलायचा, आत कोणी राहतं का ते निरखायचा आणि राहत असलं तर पुन्हा पाण्यात नेऊन ठेवायचा. गावातल्या बायांना हा पाहुणा भारी गमतीचा वाटला.

जेवणाचं मात्र अवघड झालं. सगळं गाव मासळी आणि कसावाच्या कंदावर जगणारं. हा मासळी खात नाही, कंदही खात नाही म्हटल्यावर आल्बेर्तोच्या आईला, मामा सेलेस्तेला, वाटलं की याला काही दुखणं आहे. शेवटी मक्याचा घाटा, नारळ आणि भाजलेले शेंगदाणे असं ठरलं. म्हातारी उखळात मका कांडायला लागली. तिथलं मुसळ माणसाच्या खांद्याएवढं उंच आणि लोखंडासारखं जड. फूलचंदला राहवलं नाही. "आमच्या घरी माय कांडते, मी बसून कसा पाहू?" म्हणत त्यानं मुसळ हातात घेतलं, आणि बाया टाळ्या वाजवून हसल्या.

या सगळ्यात वेळ गेला. परतीची लाँच भरतीबरोबर दुपारीच निघणार होती. त्या लाँचनं निघावं तर जिनिंगावर पोचायला रात्र होणार, म्हणजे फूलचंद दुसऱ्या दिवसापर्यंत उपाशी. जगदेव म्हणाला, "काहून उपाशी राह्यतं? जेवून घे. उद्याच्या लाँचनं जाऊ." हे आपलंच वाक्य आपल्याच आवाजात तो आता रोज ऐकत होता.

सूर्य नदीकडच्या झाडीपासून हातभर वर असताना फूलचंद जेवायला बसला. आधी एक कुत्रं केकाटलं. मग बंदुकीचा बार झाला.

खारफुटीतून दहा-बारा माणसं आली. फाटके कपडे, चार-सहा जणांकडे बंदुका, बाकीच्यांकडे ऊस तोडतात तसले लांब कोयते. सरहद्दीपलीकडच्या गोऱ्या राजवटीनं हत्यारं देऊन सोडलेल्या टोळ्या होत्या या. आतल्या मुलखात त्या गावं जाळतात हे जगदेव ऐकून होता, पण समुद्रापर्यंत येतील असं कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. आल्याबरोबर त्यांनी गावातल्या दुकानदाराला फरफटत बाहेर काढलं आणि त्याच्याच दारात गोळी घातली. गवताच्या छपरांना काड्या लावल्या. एका म्हाताऱ्या कोळ्याला दोघांनी धरलं आणि तिसऱ्यानं त्याचे दोन्ही कान कापून त्याच्या हातात दिले. म्हातारा कान हातात घेऊन उभाच राहिला, त्याला कळतच नव्हतं की आता काय करायचं. आल्बेर्तोनं नदीत उडी घेतली आणि पलीकडच्या काठावरच्या शिपायांना आणायला तो पोहत निघाला. त्याच्या मागे पाण्यात गोळ्या पडत होत्या.

मामा सेलेस्तेला एकानं झिंज्यांना धरून आपटलं. जगदेव धावला. बंदुकीचा दस्ता पोटात बसला आणि तो उताणा पडला. लगेच कोणीतरी त्याच्या छातीवर गुडघा रोवला. वीस-बावीस वर्षांचा तरुण, डोळे तांबारलेले, अंगाला धुराचा वास. त्यानं डाव्या हातानं जगदेवचा कान पिरगाळून धरला आणि उजव्या हातातलं पातं कानाच्या मुळाशी टेकवलं. पातं बोथट होतं, पहिल्या ओढीला अर्धंच कापलं गेलं. जगदेव गुरासारखा ओरडला.

तेवढ्यात धप्प आवाज झाला आणि छातीवरचं ओझं हललं. फूलचंद मुसळ घेऊन उभा होता. पहिला घाव त्या तरुणाच्या पाठीत बसला होता. तो वळला. दुसरा घाव डोक्यावर बसला, आणि तो वाळूत आडवा झाला. कोयता दूर पडला.

जगदेवनं एवढंच सांगितलं असतं तर कारंज्यानं फूलचंदच्या फोटोला हार घालून मिरवणूक काढली असती. सोबत्याचा जीव वाचवला, त्यात वाईट काय? पण गोष्ट तिथं संपली नव्हती. वाळूत पडलेल्या त्या तरुणानं हात वर केला. पंजा उघडा, बोटं पसरलेली. नको म्हणायला कोणत्याही देशात माणूस असाच हात करतो. फूलचंदनं तो हात पाहिला. अगदी नीट पाहिला, कारण क्षणभर त्याचं मुसळ वरच थांबलं होतं. मग ते खाली आलं. पुन्हा वर गेलं, पुन्हा खाली आलं. दुपारी मका कांडला होता त्याच लयीत तो कांडत राहिला. दात आवळलेले, ओठांच्या कडेला फेस, धोतरावर रक्ताचे आणि आणखी कशाकशाचे शिंतोडे. जगदेवनं त्याचा पाय धरला. "बस झालं फूलचंद, मेला तो. मेला, बस कर." फूलचंदला ऐकू येत नव्हतं. त्या तरुणाला चेहरा म्हणून काही उरलं नाही, तरी मुसळ चालूच होतं. दुसऱ्या टोळीवाल्यानं दहा पावलांवरून गोळी झाडली तेव्हाच ते थांबलं.

नदीवर शिपायांच्या नावा दिसल्या आणि टोळी आली तशी झाडीत नाहीशी झाली. फूलचंद वाळूवर पडला होता, पोट फाटलेलं. जगदेवनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. णमोकार म्हण, असं त्याला सांगावंसं वाटत होतं, पण सगळा मंत्र काही त्याला स्वतःला येत नव्हता, आणि फूलचंदचं चित्त भलतीकडेच होतं.

"जगदेवभाऊ, त्याले उठव ना."

"कोनाले?"

"त्याले. किती वेळचा निजून राह्यला. उठव त्याले."

जगदेव तिकडे न बघता म्हणाला, "उठला तो."

"कुठी गेला?"

"पान्यावर गेला. तोंड धून राह्यला."

फूलचंदनं मान हलवली. समाधान झाल्यासारखी हलवली, की विश्वास बसला नाही म्हणून, ते जगदेवला आजवर ठरवता आलं नाही. सूर्य बुडायच्या आत सगळं संपलं होतं.

दुसऱ्या दिवशी नदीच्या तोंडाशी जळक्या घरांची लाकडं रचून जगदेवनं त्याला अग्नी दिला. त्या तरुणाला गावकऱ्यांनी लांब टाकून दिलं होतं. खेकडे खातील म्हणाले. पण आल्बेर्तोनं त्याला गळ्यातल्या ताइतावरून ओळखलं. नदीच्या वरच्या अंगाच्या एका गावातला मुलगा, इनासियो. गेल्या साली टोळीनं घरातून उचलून नेला होता. जो जात नाही त्याला तिथंच मारतात, म्हणून गेलेला. दुपारी त्याची आई लहानशा होडीतून आली. कमरेला गुंडाळलेल्या दोन वस्त्रांतलं एक फेडून तिनं ते त्याच्या डोक्याभोवती गुंडाळलं, गुंडाळण्यासारखं जे होतं त्याच्याभोवती. कोणी मारलं, असं तिनं विचारलं. लोकांनी चितेकडे बोट दाखवलं. ती चितेकडे बघत उभी राहिली. मग मुलाला होडीत घालून स्वतःच वल्हवत निघून गेली.

हे कोणत्या तोंडानं प्रेमाबाईला सांगायचं? हल्ल्यात फूलचंद गेला एवढी तार कंपनीनं केली होतीच. तेवढ्यावर म्हातारीला जगू द्यावं, अस्थी तिथल्याच नदीत गेल्या म्हणून कोणाकडून तरी कळवावं आणि आपण तोंड दाखवू नये, असं जगदेवनं ठरवून टाकलं होतं. त्याबद्दल दांडीचे फटके पडले, तर तेही चालतील.

पर्युषण संपलं आणि क्षमावाणीचा दिवस उगवला. वर्षभरात ज्याला ज्याला दुखावलं त्याची हात जोडून क्षमा मागायची, असा त्या लोकांचा रिवाज. सकाळचं ऊन दारात आलं होतं. रंगूबाई भाकरी टाकत होती, जगदेव भिंतीला टेकून बसला होता, आणि दारात प्रेमाबाई उभी राहिली. पांढरं लुगडं, अनवाणी पाय, अंगात नुसती हाडं. दहा दिवस ती उकळलेल्या पाण्यावर होती. एका हातानं तिनं नेमीचंदचा दंड धरला होता. बाजेवर बसा म्हटलं तरी ती बसली नाही, उंबऱ्याशीच खाली टेकली.

"पह्यले यानं मांगावं," ती म्हणाली.

नेमीचंदनं खाली बघत हात जोडले. "जगदेव, माह्या हातून झालं. क्षमा कर."

"जाऊ द्या, नेमीभाऊ."

"आता माहं आयक," प्रेमाबाई म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता, पण शब्द स्वच्छ होते. "ज्यानं माह्या लेकाले मारलं त्याले मी सकाळी मंदिरात क्षमा करून आली. जीभ जड झाली, पन केली. तरी मन काही हलकं नाही झालं. मंग मले वाटलं, मी उलटं तं नाही करून राह्यली? म्हनून तुले इचाराले आली. फूलचंदाच्या हातून तं काही झालं नाही ना?"

महिनाभरात सगळ्या कारंज्यानं विचारलं होतं, त्याला कसं मारलं, किती जण होते, गोळी कुठं लागली. हे कोणीच विचारलं नव्हतं. रंगूबाईचा भाकरीवरचा हात थांबला.

जगदेवला 'नाही' म्हणणं सोपं होतं. एक खोटं तो मरणाऱ्याशी बोलून बसलाच होता, दुसरं काही जड गेलं नसतं. म्हातारी घरी जाईल, उपास सोडेल, चार वर्षं सुखानं जगेल. त्यानं तोंड उघडलं, पण तिनंच त्याला अडवलं.

"माह्यावर दया करून खोटं नको बोलू, जगदेव. त्याच्या वाटची क्षमा मांगायची राह्यली असन, तं मलेच मांगा लागन. तो आता मांगू शकत नाही."

मग जगदेवनं सांगितलं. खाली बघत सांगितलं, पण सगळं सांगितलं. मुसळ, वर केलेला हात, थांबून पुन्हा खाली आलेलं मुसळ.

"खोटं," नेमीचंद ओरडला आणि झेपावला. त्यानं जगदेवचा गळा धरला, डोकं भिंतीवर आपटलं, एकदा, दोनदा. चिंधीखालची जखम फुटून रक्त भिंतीला लागलं. "माह्या भावानं मुंगी नाही मारली कधी. तू मेला नाही म्हनून त्याले बदनाम करून राह्यला." रंगूबाईनं चुलीतलं जळतं लाकूड ओढलं आणि नेमीचंदच्या तोंडासमोर धरलं. "सोड. नाही तं डोये जाळीन तुहे." नेमीचंदच्या भुवया होरपळल्याचा वास आला, तरी त्याची बोटं गळ्यातून सुटत नव्हती. जगदेवचे डोळे पांढरे व्हायला लागले होते.

प्रेमाबाई जागची उठली नाही. "नेमीचंद," ती म्हणाली, "एका दिवसात किती खेपा क्षमा मांगशीन?"

नेमीचंदचे हात गळून पडले. तो कोपऱ्यात जाऊन बसला आणि आपल्याच पंजांकडे बघत राहिला. आपल्या घराण्याच्या हातात काय काय असतं ते त्याला त्या घटकेला समजलं असावं. जगदेव खोकत उठून बसला. रंगूबाईनं लाकूड पुन्हा चुलीत सारलं, पण ती तिथून हलली नाही.

"त्यानं हात वर केला होता?" प्रेमाबाईनं विचारलं.

"हो, काकू."

"अन् फूलचंदानं पाह्यला तो?"

"पाह्यला."

तिनं डोकं दाराच्या चौकटीला टेकलं. जगदेवला वाटलं, आता ही इथंच जाते. तो घाईघाईनं म्हणाला, "पन मंग तो त्याले उठव म्हनत होता, काकू. जीव जाईपर्यंत तेच. त्याले उठव, उठला का तो, एवढंच इचारत होता."

दहा दिवस कोरडी राहिलेली म्हातारी तेव्हा रडली. तोंडाला पदर लावून, आवाज न करता, सगळं अंग हलवत रडली. कोणी तिच्याजवळ गेलं नाही, कोणाची हिंमत झाली नाही.

"नाव काय होतं त्याचं?"

"इनासियो."

"पुन्हा सांग."

जगदेवनं पुन्हा सांगितलं. दोन-तीनदा ओठांत घोळवल्यावर तिला ते जमलं. मग तिनं दारातल्या उन्हाकडे तोंड केलं आणि हात जोडले. "इनासियो, माह्या फूलचंदाच्या हातून तुहा जीव गेला. त्याले क्षमा कर. मलेही कर, मी त्याची माय हाव."

रंगूबाईनं पाणी उकळून गाळून पुढे केलं. "घ्या काकू, आज पारनं हाय ना?" प्रेमाबाईनं पेला हातात घेतला, कपाळाला लावला आणि तसाच परत दिला. पारणं उद्या करीन म्हणाली. नेमीचंदनं तिला उठवलं. जाता जाता तो जगदेवसमोर थांबला आणि हात जोडून उभा राहिला.

उंबरा ओलांडल्यावर प्रेमाबाई पुन्हा वळली.

"त्याची माय आली होती म्हनला तू. तिचं नाव काय?"

जगदेवनं मान खाली घातली. "ते नाही मालूम, काकू. कोनी इचारलंच नाही."

"मंग मी तिले नुसतंच माय म्हनीन," प्रेमाबाई म्हणाली, आणि नेमीचंदचा हात धरून पायरी उतरली.